कुरी उचलायची जागा

पेरणीला वडील कुरी, म्हणजे बी पेरायची पाभर, धरायचे आणि मी बैलांपुढं चालायचो. रानाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकडच्या कोपऱ्यात आलो की ते काही न बोलता कुरी उचलायचे, ती पट्टी रिकामीच ओलांडायचे आणि पलीकडं पुन्हा जमिनीत घालायचे. त्या पट्टीत गवत, घाणेरी आणि एक करंज, एवढंच. मी एकदा विचारलं, "हितं का पेरत न्हाय?"

"खडक हाय."

मी काटकीनं उकरून पाहिलं. खडक नव्हता, मऊ माती होती. पुन्हा विचारलं नाही. आमच्या घरात एक गोष्ट दोनदा विचारायची पद्धत नव्हती.

हा खडक आजोबांच्या वेळचा. मोजणीवाले आले तेव्हा आजोबांनी त्यांना तेच सांगितलं होतं, आणि उताऱ्यावर तेच चढलं. आमच्याकडं उताऱ्यावरच्या नापीक जमिनीला खराब म्हणतात आणि तिचे दोन प्रकार असतात. 'अ' म्हणजे खडक, खड्डा; मालकाचीच, फक्त पीक येत नाही. 'ब' म्हणजे वाट, ओढा, मसणवट. ती गावाच्या उपयोगाची, मालकाला विकता येत नाही. आजोबांनी खरं सांगितलं असतं तर तो कोपरा 'ब'मध्ये गेला असता आणि हातचा सुटला असता. ते खडक म्हणाले. खोटं बोलायची सुरुवात माझ्यापासून झाली नाही, हे मी सुटका म्हणून सांगत नाही. शेवट माझ्यापाशी झाला.

तो कोपरा पोरांचा होता. दात यायच्या आधी गेलेलं पोर आपल्यात जाळत नाहीत, पुरतात. गावची मसणवट लांब, नदीकडं. एवढ्याशा जिवाला तिकडं कोण नेणार, म्हणून आमचं रान. वरच्या अंगाला भावकीतली पोरं, ओढ्याच्या अंगाला आमच्याकडं राबणाऱ्या लोकांची. वरचं-खालचं तिथंही होतं, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. विधी म्हणावा असा काही नव्हता. दोन पुरुष, एक खोरं, थोडं मीठ. माती लोटली की वर धोंडा, आणि धोंड्यावर बाभळीची काटेरी फांदी, कोल्ह्या-कुत्र्यानं उकरू नये म्हणून. परतताना मागं बघायचं नाही. पुढं त्या पोराचा विषय काढायचा नाही. आणि आईला नेमकी जागा सांगायची नाही. सांगितली की ती तिथंच जाऊन बसणार, तिचं घरात लक्ष लागणार नाही, असं म्हणायचे. त्यामुळं बायकांना कोपरा माहीत असायचा, जागा माहीत नसायची. जागा पुरुषांच्या पोटात, आणि पुरुष मेला की तीही गेली.

आमची पहिली मुलगी बेळगावात, कॅम्पातल्या एका दवाखान्यात जन्मली आणि बारसं व्हायच्या आत गेली. बायको टाक्यांनी खाटेवर आडवी. निपाणीकडून वडील आले. मी म्हटलं, इथंच कुठंतरी करूया. ते म्हणाले, "आपलं रान असताना परक्या मातीत कशाला?" आम्ही भाड्याच्या जीपमधून निघालो. ती माझ्या मांडीवर, दवाखान्याच्या पांढऱ्या कापडात. जीपवाल्यानं गाणी लावली होती. वडिलांनी ती बंद करायला सांगितली नाहीत, कारण मग का ते सांगावं लागलं असतं. गाणी ऐकत गावापर्यंत गेलो.

करंजापासून बांधाकडं जाताना एक उघडी जागा होती, ती वडिलांनी दाखवली. ओढ्यातनं मी एक चपटा, जांभळट धोंडा आणला. फांदी त्यांनी तोडली, घातली मी, आणि तिचा काटा माझ्या तळव्यात मोडला. तो नंतर बरेच दिवस आत होता.

परत येताना वडील म्हणाले, "विचारंल ती. करंजाखाली म्हणून सांग. झाड लांबनं दिसतं. मनाला टेकायला बरं."

तिनं विचारलंच. "कुठं?"

"करंजाखाली," मी म्हणालो.

पुढं मुलगा झाला. तो शिकून आता पुण्याला असतो. बेळगावातच टिळकवाडीत घर झालं, शाळेत गणित शिकवता शिकवता केस पिकले. या सगळ्या काळात आम्ही गावाला जाताना मोटार, म्हणजे गावची बस, रानाच्या कडेनं वळायची तेव्हा बायको बोलणं थांबवून खिडकीतून करंजाकडं बघायची. झाड मागं पडलं की बोलणं तिथूनच पुढं सुरू. शेजारी बसून मला माहीत असायचं की ती बघते आहे तिथं काही नाही. वाटायचं, बघू दे, कुणाचं काय जातंय.

वडील गेले आणि निपाणीत प्लॉटचा धंदा करणारा चुलतभाऊ घरी आला. रान हायवेपासून जवळ.

"आण्णा, तू टिळकवाडीत बसून ऊस तोडणार हाईस व्हय?" तो म्हणाला. "रान इकलंस तर तुला बी घर वाढवाय येतंय. न्हाईतर पोरगं पुण्यातनं येऊन कुळव धरणाराय काय?"

आमच्यावर कुणाचं देणं नव्हतं. घरात आजारपण नव्हतं. वर एक मजला चढवावा असं मला वाटत होतं, एवढंच. कसल्या अडचणीपायी विकलं असतं तर हे लिहायला सोपं गेलं असतं.

शेतजमिनीची बिनशेती करायची म्हणजे मालकाचं प्रतिज्ञापत्र लागतं. ते कन्नडमध्ये टाइप होऊन आलं. मला कन्नड येत नाही असं म्हणायची सोय नाही. शाळेत येणारं प्रत्येक परिपत्रक मीच सगळ्यांना वाचून दाखवतो. त्यात एक ओळ होती, की या जमिनीत देवस्थान, समाधी वा दफनभूमी नाही. माझं पेन तिथं थांबलं. चुलतभावानं वाकून पाहिलं.

"हे लिहिलंय ते," मी म्हणालो.

"मग?"

"कोपरा हाय की रं."

"आरं, ती काय दफनभूमी हाय व्हय? पोरं हाईत. पोरांची कुठं समाधी असती?" आणि वर, "उताऱ्यावर खडक हाय. तुझा आजा खोटा होता काय?"

मी सही केली.

बायकोला सांगितलं, "कोपरा सोडलाय. नकाशात तिथं बाग दाखवलीय."

"करंज?"

"राहणार."

ती बरं म्हणाली आणि हातातली भाजी निवडत राहिली. नकाशात बाग दुसऱ्या टोकाला होती. कोपऱ्यातून रस्ता जात होता आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॉट होते. नकाशा माझ्या कपाटात होता. तिनं कधी बघायला मागितला नाही, कारण मी सांगितलं होतं.

असा बराच काळ गेला. लेआउटचं काम काही ना काही कारणानं रखडलं होतं आणि ते तसंच रखडून राहावं असं मला मनातून वाटायचं. पैसे मात्र मी घेतले होते, वरचा मजलाही झाला होता.

मग एका रविवारी दुपारी एक वकीलबाई घरी आल्या. पस्तिशीच्या असतील. बेळगावच्या कोर्टात वकिली करतात म्हणाल्या, पण गाव आमचंच. त्यांची आई आमच्या रानात कामाला यायची आणि उरलेल्या वेळात विड्या वळायची. आईचं नाव त्यांनी सांगितल्यावर चेहरा आठवला. बौद्ध वस्तीतलं घर. मी त्यांना बसा म्हणालो आणि त्या कशाला आल्यात ते त्याच क्षणी कळलं.

"सर, ओढ्याच्या अंगाला माझा थोरला भाऊ आहे. माझ्या जन्माच्या आधीचा," त्या म्हणाल्या. "तिथं जेसीबी लागलाय. परवा करंज पाडला."

बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

"कुठला करंज?" तिनं विचारलं.

वकीलबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी टीपॉयकडं बघत होतो.

"तुमच्या रानातला, काकू. कोपऱ्यावरचा."

बायकोनं ट्रे खाली ठेवला. कप त्यांच्यापुढं सरकवला. "साखर बघून घ्या हं, माझ्या हातनं कमी पडते," म्हणाली आणि आत गेली.

वकीलबाईंनी आवाज खाली आणला. त्यांनी तहसीलदारांकडं अर्ज दिला होता. "कायदा नाही असं नाही, सर. मयतांच्या जागेत शिरून विटंबना केली तर गुन्हा आहे, जमीन कुणाची का असेना. पण ते जाणूनबुजून केलं पाहिजे. आणि कागदावर तिथं खडक आहे. ते म्हणणार, आम्हाला काय ठाऊक. कागदाबाहेर जाऊन ठाऊक असल्याचं कुणीतरी सांगायला पाहिजे."

"तुमची आई?"

"आईला जागा सांगितलेली नाही. बाबांना माहीत होती, ते गेले. तुमच्या भावकीत चार घरं फिरले. प्लॉटांच्या पैशात सगळ्यांचा वाटा होता, कुणाला काही आठवत नाही."

"माझं प्रतिज्ञापत्र आहे," मी म्हणालो.

"वाचलंय. तुम्ही खरं सांगितलंत तर ते खोटं ठरतं. त्याचं काय होईल ते मी आत्ता सांगत नाही. होणारच नाही असंही म्हणत नाही." त्यांनी चहा संपवला. "जागेची पाहणी लावलीय. त्याआधी काम थांबवता येत नाही. तुमचं तिथं कुणी आहे का, सर?"

मी म्हणालो, "विचार करून सांगतो."

त्या गेल्यावर स्वयंपाकघरात गेलो. बायको ओट्याला टेकून उभी होती.

"ऐकलंस?"

"व्हय."

"मी तुला—"

"कुकरच्या शिट्ट्या झाल्यात. गॅस बंद करा."

पुढच्या दिवसांत आमचं बोलणं दूध, चावी आणि मुलाचा फोन एवढ्यापुरतं उरलं. ती भांडली नाही. भांडली असती तर मी उलटून काहीतरी बोललो असतो आणि त्यात माझं भागलं असतं.

चुलतभावाचा फोन आला. वकीलबाई माझ्याकडं येऊन गेल्याचं त्याला कळलं होतं.

"आण्णा, येडा झालास काय? काय दाखवणार हाईस त्यांना? मीठ घातल्यावर हाडं ऱ्हात्यात व्हय? खणलं तर मातीच निघणार. मग तू खोटा, मी खोटा, आणि त्या मातीला कोण विचारतंय?" मग सूर उतरवून, "पेन्शनला किती वर्सं ऱ्हायलीत ते बघ. घरात गप बस. वहिनीला माहेरला ने जरा, खानापूरला."

तो म्हणत होता त्यातलं बरंचसं खरं होतं. आमच्या लोकांनी प्रत्येक गोष्ट अशी केली होती की मागं काही राहू नये. नाव नाही, खूण नाही, आईला जागा नाही. दुःख आटोक्यात ठेवायची ती रीत होती आणि तिनं तिचं कामही केलं असेल. पण आता सरकारला दाखवायला आमच्याकडं काहीच नव्हतं. कुरी उचलल्याचं चिन्ह काय, तर न पेरलेली जमीन. ती तर खडकाचीही दिसते.

मी जाणार नव्हतो, हे लिहून टाकतो. शाळेत परीक्षा आहेत असं वकीलबाईंना कळवायचं ठरवलं होतं, आणि परीक्षा खरंच होत्या. पाहणीच्या आदल्या दिवशी जेवताना बायको म्हणाली,

"मी जाणाराय उद्या."

"तू काय सांगणार तिथं?"

"करंज पाडला तरी बुडखा असंल की. त्याच्याखाली माझी पोरगी हाय म्हणून सांगणार. सही करते म्हणून त्या बाईला फोन केलाय."

म्हणजे आता माझं जुनं खोटं ती सरकारी कागदावर, शपथेवर, खरं म्हणून लिहून देणार होती. मी नाही बोललो तर उद्या बुडख्याभोवती रेघ मारून साहेब निघून जाणार, आणि बाकीची पट्टी, जिथं मुलगी खरंच होती ती, जेसीबीखाली. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. ताट, पाणी, तिचा चेहरा, सगळं समोर होतं. मी फक्त म्हणालो, "मी पण येतो."

रान ओळखू आलं नाही. सिमेंटचा रस्ता, रंगवलेले दगड, गटार. बांध सपाट झाले होते. कोपऱ्यात वरची माती खरवडून मुरूम उघडा पडला होता आणि जेसीबी ओढ्याच्या काठाला उभा होता. तहसीलदार, त्यांच्यासोबत महजर लिहिणारे सर्कल अधिकारी. महजर म्हणजे आमच्याकडचा पंचनामा. चुलतभाऊ गाडीला टेकून. वकीलबाई, आणि त्यांची आई छत्री उघडून एका दगडावर बसलेली.

"एल्लिरी?" तहसीलदारांनी विचारलं. कुठं, म्हणून.

बायको सरळ करंजाच्या बुडख्यापाशी गेली. लांबून, मोटारीच्या खिडकीतून इतकी वर्षं बघितलेली जागा, तिथं ती पहिल्यांदा पोचली होती. वाकून तिनं बुडख्याच्या मुळाशी तळहात टेकला.

"हितं," ती म्हणाली.

सर्कलनी लिहायला पेन टेकवलं.

"तिथं न्हाय," मी म्हणालो.

ती वाकलेली तशीच राहिली.

"वडिलांनी करंज सांगाय सांगितलं होतं. मी सांगितलं. तिथं न्हाय ती."

चुलतभाऊ हसला. "बघा सायब. नवरा-बायकोचंच जमंना, आणि आम्ही काम थांबवायचं."

बायको उठली. हाताची माती तिनं झटकली नाही. तिनंही तेच विचारलं, साहेबांनी विचारलं होतं ते. "मग कुठं?"

मी बुडख्यापासून बांधाकडं निघालो, पण बांध नव्हता. किती चालायचं ते बांध सांगायचा. मुरमात सगळीकडं सारखं. जांभळट धोंडा शोधत मी जेसीबीनं कडेला लोटलेल्या ढिगाऱ्यापर्यंत गेलो. त्यात धोंडे पुष्कळ होते, सगळ्या रंगांचे. मागं उभी असलेली माणसं माझी वाट बघत होती. मी एका ठिकाणी थांबलो, पुढं सरकलो, पुन्हा मागं आलो. माझ्याशिवाय ती जागा कुणाला माहीत नव्हती, आणि मला ती सापडत नव्हती.

"एवढ्यात," मी म्हणालो.

"नेमकी?" तहसीलदार.

"नेमकी न्हाय सांगता येत. पण वडील कुरी कुठं उचलायचे ते सांगतो."

मी ओढ्याकडं पाठ केली आणि लहानपणी बैलांपुढं चालायचो तसा चाललो. आवाज आठवायचा प्रयत्न केला. कुरी जमिनीत असताना तिच्या फणांचा एक घासता आवाज असायचा आणि ती उचलली की तो थांबायचा. जिथं थांबतो असं वाटलं तिथं मी उभा राहिलो. सर्कलच्या माणसानं फक्कीची पांढरी रेघ ओढली. पलीकडच्या टोकाला पुन्हा तसंच. मग मी जबाब दिला: हे आमच्या आणि गावच्या लहान मुलांचं दफन करायचं ठिकाण, मला पहिल्यापासून माहीत होतं, माझी मुलगी यात आहे, आणि आधी लिहून दिलेलं खोटं आहे. कन्नडमध्ये लिहिलेलं मी वाचून सही केली. या वेळी पेन थांबलं नाही, पण रेघ बरोबर पडली की नाही हे मला आजही सांगता येत नाही. जी बाहेर राहिली असतील त्यांचं माझ्यावरच आहे.

बायको फक्कीच्या रेघेशी उभी होती. ती वकीलबाईंच्या आईकडं गेली.

"आक्का, बाभळ कुठं मिळंल?"

"वड्याला हाय की. चला."

दोघी ओढ्यात उतरल्या. म्हातारीनं कमरेचा विळा काढला. फांद्या ओढत दोघी वर आल्या आणि पट्टीच्या एका कडेपासून घालायला लागल्या. मी पुढं झालो, तेव्हा बायको माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुम्ही ऱ्हाऊ द्या. एवढ्यात कुठंतरी हाय म्हणालाय न्हवं? मग सगळ्यावर घालतोय आम्ही."

वरचं अंग, खालचं अंग, सगळं. तहसीलदार निघून गेले तरी त्या घालत होत्या. चुलतभावानं गाडीत बसून काच वर केली.

हुकूम झाला तो तात्पुरता. फेरमोजणी होईपर्यंत रेघेच्या आत काम नाही. मोजणी अजून झालेली नाही. खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल खुलासा मागणारी नोटीस मला आली आहे. वकीलबाई म्हणतात, 'ब'मध्ये नोंद होईल की नाही याची खात्री देता येत नाही, समोरचे वरच्या कोर्टात जातील. रेघ वाऱ्यानं गेली. काट्या कुणीतरी बाजूला ओढून ट्रॅक्टर लावतं. बायको दर खेपेला जाऊन त्या पुन्हा घालते. मी मागं असतो, फांद्या ओढ्यातून वर आणून देतो. तेवढं ती करू देते.

गेल्या खेपेला परतताना मोटारीत ती खिडकीशी बसली होती. बघायला आता करंज नाही.

"धोंडा कसला होता?" तिनं विचारलं.

"चपटा. जांभळट. वड्यातला."

"केवढा?"

मी दोन्ही हात पुढं करून दाखवला. दाखवल्यावर कळलं, हात जीपमधल्या त्या पांढऱ्या कापडाच्या मापाला थांबलेत. ती हातांकडं बघत राहिली. तवंदीचा घाट लागला तरी मला ते खाली घेता आले नाहीत.